शिल्लक नाही म्हणून दंड? घेतलेला पैसा परत मागा!



डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या काकू मंडळाच्या कार्यालयात आल्या. चार पिढ्या बडोद्यात काढलेले घराणे. सासरे सरकारी खात्यात होते, यजमान खासगी कारखान्यात. यजमान गेल्यापासून काकूंना प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतून महिना चौदाशे रुपये पेन्शन मिळते. मुलगा मकरपुरा जीआयडीसीत कामाला होता. मार्च २०२४ मध्ये कारखान्याने माणसे कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा ज्या दुकानात त्याने थोडी भागीदारी घातली होती ते छातीभर पाण्यात गेले.

काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मुलाचे पासबुक काढले आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “भाऊ, हे जरा वाचून द्या. मुलाला सांगू नका मी आले म्हणून. त्याला फार लाज वाटते.”

आम्ही वाचले, आणि लाज नेमकी कोणाला वाटायला हवी हा प्रश्न आम्हालाच पडला.

मुलाचे खाते पगाराचे होते. पगाराच्या खात्यात शिल्लक ठेवण्याची अट नसते. तीन महिने पगार जमा झाला नाही तेव्हा बँकेने ते गुपचूप साध्या बचत खात्यात बदलले. साध्या खात्याला दहा हजारांची किमान शिल्लक लागत होती. ज्याची नोकरी गेली त्याच्याकडे दहा हजार पडून कुठून असणार? जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला ५०० रुपये दंड आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये कापले गेले. पाच महिन्यांचे झाले २,९५० रुपये.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. स्कूटरच्या कर्जाचा हप्ता याच खात्यातून जात असे. सप्टेंबरचा हप्ता होता २,३४० रुपये आणि खात्यात होते २,१९०. दीडशे रुपये कमी पडले. हप्ता परत गेला म्हणून बँकेने ५९० घेतले, हप्ता मिळाला नाही म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीने ५९० लावले. चार दिवसांनी कंपनीने तोच हप्ता पुन्हा पाठवला, तो पुन्हा परत गेला, बँकेने पुन्हा ५९० घेतले. दीडशे रुपयांच्या तुटीपायी १,७७० रुपयांचा भुर्दंड! सगळे मिळून ४,७२० रुपये. काकूंची तीन महिन्यांची पेन्शन एकत्र केली तरी एवढी होत नाही. आणि पासबुकातली शेवटची ओळ होती उणे ४१२. म्हणजे मुलाने बँकेला वर देणे लागत होते!

ही एका घराची कर्मकहाणी म्हणून आम्ही सोडून दिली असती. पण त्यानंतर आम्ही रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतल्या ओळखीच्या घरांत सहज विचारणा केली, आणि जवळजवळ प्रत्येक घरातून एक तरी असे पासबुक निघाले. कोणाच्या गेलेल्या वडिलांच्या खात्यातून दंड, कोणाच्या वापरात नसलेल्या खात्यातून एसएमएसचे पैसे, कोणाकडून न मागितलेल्या कार्डाची वार्षिक फी. सगळ्यांचे उत्तर एकच : “जाऊ द्या हो, बँकेचा नियमच असेल.”

तर नियम काय आहे, ते आधी पाहू.

नियम बँकांनीच वाचलेला नाही

बँकांनी आपल्या सेवांचे दर आपण ठरवावेत अशी मोकळीक रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये दिली. मोकळीक दिली म्हणजे मोकाट सोडले असे नव्हे. एप्रिल २०१४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट म्हटले होते की ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा बँकांनी गैरफायदा घेऊ नये. शिल्लक कमी पडली तर दंड करण्याऐवजी त्या खात्यावरच्या सोयी मर्यादित कराव्यात, शिल्लक भरली की पूर्ववत कराव्यात, असा तो विचार होता. रघुराम राजन तेव्हा गव्हर्नर होते. बँकांना हा विचार मानवला नाही. दंड राहिलाच, पण त्याला कुंपण घातले गेले. २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक घराने पाठ कराव्यात अशा आहेत.

एक, शिल्लक कमी पडली की बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे. कळवल्यापासून एक महिन्यात शिल्लक भरली नाही तरच दंड. दोन, दंड तुटीच्या प्रमाणात हवा. तूट दोनशेची असो की नऊ हजारांची, सरसकट पाचशे, हे चालत नाही. तीन, दंड वाजवी हवा, सेवा पुरवण्याच्या सरासरी खर्चाशी त्याचा मेळ हवा. चार, निव्वळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये.

याशिवाय, दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर शिल्लक कमी म्हणून दंड लावता येत नाही, हे मे २०१४ मध्येच सांगितलेले आहे. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापराइतकेच घ्यावेत, ही सूचना नोव्हेंबर २०१३ ची. बडोदे रिझर्व्ह बँकेच्या सहा महानगरांच्या यादीत नाही, म्हणून दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्याला महिन्याला तीन नव्हे, पाच व्यवहार मोफत आहेत. आणि ज्याला शिल्लक ठेवणे परवडतच नाही, त्याच्यासाठी २०१२ पासून प्रत्येक बँकेत मूलभूत बचत खाते आहे. त्याला किमान शिल्लक शून्य, महिन्याला चार वेळा पैसे काढणे मोफत. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. काकूंच्या मुलाला नोकरी गेल्यावर कोणी हे सांगितले? काउंटरवरच्या माणसाने त्याला विमा पॉलिसीचे पत्रक मात्र दिले होते!

आता पासबुक या चार कसोट्यांवर लावून पाहा. सूचना आली नव्हती. दर महिन्याचा दंड सरसकट होता. खाते उणे गेले होते. म्हणजे बँकेचा नियम बँकेनेच मोडला होता, आणि वर दंड भरत होता काकूंचा मुलगा.

सयाजीरावांच्या शहरात हे घडावे?

आपण बडोद्याचे मराठी लोक बँक या शब्दाकडे परक्यासारखे पाहू शकत नाही. २० जुलै १९०८ रोजी श्रीमंत महाराज सयाजीरावांनी याच शहरात बँक ऑफ बडोदा उभी केली, दहा लाखांच्या भांडवलावर. प्रजेच्या हाती पैसा खेळावा, व्यापार-उद्योग वाढावा, सावकाराच्या दारी जाण्याची पाळी येऊ नये, ही त्यामागची दृष्टी. त्याच्याही एकोणीस वर्षे आधी, १८८९ मध्ये, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यात ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ स्थापली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. नावातच सगळे आले : अन्योन्य, म्हणजे एकमेकांना. पगारदार माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि ज्याला अडचण असेल त्याच्या उपयोगी पडायचे. अडचणीतल्या सभासदाला हात देणे हाच त्या संस्थेचा धंदा होता.

पुढे ती मंडळी बँक झाली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद पडली, हेही आपल्यातल्या अनेकांनी सोसले आहे. त्यामुळे सहकाराचे नुसते गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. आजही ज्या सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवर आपली ओळखीची माणसे बसतात, त्यांनीही आपले दरपत्रक एकदा उघडून पाहावे. पण मूळ विचार विसरता येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरातल्या मराठी माणसाला जे उमगले होते ते आजच्या बँकांना उमगू नये? अडचण आली की हात देणारी संस्था आणि अडचण आली की हात मारणारी संस्था, यांतला फरक सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

आकडे बोलतात

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. गरिबाच्या खात्यातून साचलेले हे तळे किती मोठे आहे ते पाहा. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा याहून कमी होता. ओरड झाल्यावर एप्रिल २०१८ मध्ये दर खाली आले आणि मार्च २०२० मध्ये दंड बंद झाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिल्लक नाही म्हणून २१,०४४ कोटी, जादा एटीएम व्यवहारांपोटी ८,२८९ कोटी आणि एसएमएससाठी ६,२५४ कोटी रुपये घेतले. एकूण पस्तीस हजार कोटींच्या वर. ही रक्कम कोणाच्या खिशातून गेली? ज्यांच्या खात्यात लाखो रुपये पडून असतात त्यांना तर चेकबुक, कार्ड, लॉकरवर सवलत, सगळे हात जोडून देतात. किमान शिल्लकेचा दंड व्याख्येनेच ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याच्याकडून घेतला जातो.

२०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, बँक ऑफ बडोदा, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक अशा सरकारी बँकांनी एकामागून एक साध्या बचत खात्यांवरचा हा दंड रद्द केला. आम्ही त्याचे स्वागत करतो. आपल्या शहराचे नाव धारण करणारी बँक त्यात आहे याचा आनंदही आहे. पण स्वागत करून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारायचा आहे. दंड योग्य होता, तर बंद का केला? आणि अयोग्य होता, तर घेतलेला परत का देत नाही? त्या आधीच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या एका दंडापोटी नऊ हजार कोटींच्या आसपास रक्कम घेतली आहे. शिवाय सगळ्याच खासगी बँकांनी दंड सोडलेला नाही, आणि हप्ता परत गेल्याचा दुहेरी भुर्दंड जिथल्या तिथे आहे.

“खर्च कोण देणार?”

बँकांची बाजूही ऐकू. ते म्हणतात, खाते चालवायला खर्च येतो, शाखा, मशीन, माणसे लागतात, तो कोणी तरी द्यायला हवा. खर्च येतो हे खरे. पण हप्ता परत जाणे ही संगणकाने संगणकाला दिलेली सूचना असते. तिला ५०० रुपये खर्च येतो हे कोणत्या हिशेबाने? आणि खर्च भागवायचाच असेल तर तो ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्यावरच का? दंडामुळे शिल्लक आणखी घटते, घटली म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा दंड बसतो. घसरणाऱ्या माणसाच्या पायाखाली साबण टाकण्याचाच हा प्रकार आहे.

दुसरा युक्तिवाद असा की खाते उघडताना तुम्ही सही केली होती. केली होती. बारीक अक्षरांतली वीस पाने, इंग्रजीत. आपल्या घरातल्या ज्या आजीला मराठी आणि गुजराती दोन्ही येते तिलाही ती वाचता येणार नाहीत. सहीचा आधार बँकेने जरूर घ्यावा, पण मग रिझर्व्ह बँकेचे परिपत्रकही तेवढ्याच निष्ठेने पाळावे.

परत मिळतो का? मिळतो!

“गेलेला पैसा बँक कधी परत देते का,” असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आशिष दास यांनी बँकांच्या शुल्कांचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. स्टेट बँक मूलभूत खातेदारांकडून महिन्यातल्या चार व्यवहारांनंतर यूपीआय आणि रुपेच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत होती, हे त्यांनी अहवालांतून उघड केले. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने, १ जानेवारी २०२० नंतर घेतलेले असे पैसे परत करा, असे सर्व बँकांना कळवले. त्यानंतर स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी रुपये परत केले. त्याआधीच्या वर्षांचे १६४ कोटी राहिलेच, असे दास यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले. लढाई अर्धीच जिंकली, पण एका माणसाच्या चिकाटीने ९० कोटी गरिबांच्या खात्यात परत गेले ना?

विलायतेतही हेच झाले. २००६ पासून तिथल्या लाखो खातेदारांनी अन्यायी दंड परत मागणारी पत्रे बँकांना पाठवली आणि बँकांनी मोठ्या रकमा परत केल्या. प्रकरण कोर्टात गेल्यावर नव्या तक्रारी थोपवून धरल्या गेल्या, तेव्हाही आर्थिक अडचणीत सापडलेल्यांना वेगळी वागणूक द्यावी हे तत्त्व मान्य झाले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकांच्या बाजूने दिला. तरी लोकांचा रेटा ओसरला नाही, आणि एप्रिल २०२० पासून तिथल्या नियामकाने परवानगीविना झालेल्या ओव्हरड्राफ्टवरचे ठोक दंड बंदच केले. कोर्टात हरलेली मागणी नियमात जिंकली.

आणि काकूंचे काय झाले? मंडळातल्या दोन निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मुलाला समोर बसवून अर्ज लिहून घेतला. बँकेने आधी “सिस्टिमने कापले आहे” असे उत्तर दिले. दुसऱ्या अर्जात २०१४ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून सूचना पाठवल्याचा पुरावा मागितला. पुरावा नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच महिन्यांचे २,९५० आणि दुसऱ्यांदा परत गेलेल्या हप्त्याचे ५९०, असे ३,५४० रुपये खात्यात जमा झाले. पहिल्या हप्त्याचे बँकेचे आणि कंपनीचे मिळून १,१८० मात्र मिळाले नाहीत, तेही इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. खाते आता मूलभूत खात्यात बदलले आहे.

काय करावे

पासबुक भरून आणा किंवा गेल्या तीन वर्षांचा खातेउतारा मागा. ‘मिन बॅल’, ‘ईसीएस रिटर्न’, ‘एसएमएस चार्ज’, ‘कार्ड फी’ अशा नोंदींखाली पेन्सिलीने रेघ मारा. तारीख आणि रक्कम लिहून बेरीज करा. मग शाखाधिकाऱ्याच्या नावाने लेखी अर्ज द्या. मराठीत, गुजरातीत, कसाही, पण लेखी, आणि पोचेवर शिक्का घ्या. अर्जात तीन गोष्टी असाव्यात : कोणती रक्कम, कोणता नियम मोडला, आणि घरात कोणती अडचण होती. नोकरी गेली, दुखणे आले, पूर आला, हे लिहायला संकोच करू नका. नैसर्गिक आपत्तीनंतर उशिराचे आणि ओव्हरड्राफ्टचे आकार माफ करण्याचा विचार बँकांनी करावा, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या निर्देशांत सुचवले होते. तो तुमचा हक्क नसेल, पण मागणीला आधार नक्की आहे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वेळ न दवडता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दर किती असावा हा बँकेचा धोरणाचा भाग म्हणून लोकपाल त्यात पडणार नाही. नियम मोडला हे दाखवले तर ऐकून घेईल. तेही जमले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथेही पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कर्जाचा हप्ता थकलेल्यांनी एक लक्षात ठेवावे : १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंडव्याज लावता येत नाही, आणि जो दंड लावतील त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तो नियम २०२४ पासून अमलात आहे.

आपल्या खासदार-आमदारांना आमचे सांगणे आहे. गणपतीच्या आरतीला तुम्ही येता, आम्ही शाल-श्रीफळ देतो. पुढच्या वेळी येताना तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन या. रद्द झालेल्या दंडाची रक्कम निदान पेन्शनर आणि मूलभूत खातेदारांना परत मिळावी म्हणून तुम्ही संसदेत काय विचारले? एका हप्त्याला एकच दंड, हा नियम का होत नाही? पगार थांबला की खाते आपोआप मूलभूत खात्यात का जाऊ नये?

शेवटी थोडे आपल्याच लोकांना. आपण नाटकाला गर्दी करतो, गणेशोत्सव थाटात करतो, जुन्या सरदारी-दरकदारीच्या गोष्टी सांगतो. पण शेजारच्या वाड्यातल्या घरात हप्ता थकला आहे हे आपल्याला तिसऱ्याकडून कळते, कारण त्या घराला सांगायची लाज वाटते आणि आपल्याला विचारायचा संकोच. या संकोचावर बँकांची कमाई चालते. खानदानी घराने दीडशे रुपयांची अडचण चारचौघांत बोलू नये, हा समज आता सोडा. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कार्यालयात निवृत्त बँक कर्मचारी बसणार आहेत. पासबुक घेऊन या. जे बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आहेत त्यांनी मदतीला या. नाव गुप्त राहील.

काकूंचा मुलगा आता दर रविवारी येतो. दुसऱ्यांचे अर्ज तोच लिहून देतो.